शिक्का कुठं गेला?

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसला आहात. समोर कारकूनबाई चारित्र्याचे दाखले देत आहेत. त्या दाखल्याशिवाय मुलांजवळ कुणालाच काम मिळत नाही. त्यांची धाकटी चिंगी शेजारच्या स्टुलावर आहे. पाळणाघरात नोकरी हवी असलेला एक हसरा माणूस पुढे आला आहे. आता ऐका.

“काका, तुमच्या नावावर एकही गुन्हा नाही. आधीच्या पाळणाघरांतूनही तक्रार नाही.”

“तक्रार कशी येईल, ताई? माझ्याकडे मुलं रडतच नाहीत.”

“अगबाई! आमचं रत्न तर दिवसभर भोकाड पसरतं.”

“आठवडाभर पाठवा. चिडीचूप होईल.”

“जादूबिदू करता की काय?”

“छे! कानात एक गोष्ट सांगतो.”

“कुठली हो?”

“ती मोठ्यांना नाही सांगत. मुलंसुद्धा कुणाला सांगत नाहीत.”

“कमाल आहे! मग सोमवारपासून हिलाही तुमच्याकडेच ठेवते. थांबा, दाखल्यावर शिक्का मारते. अरेच्चा, शिक्का कुठं गेला? आत्ता तर इथंच होता. चिंगे, पाहिलास का गं?”

दोन्ही हात मांड्यांखाली घालून चिंगी शिक्क्यावर घट्ट बसून राहिली.