पेल्यातली रेषा

वर्ध्याच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेर, माझ्या शेजारी अल्लीपूरचे पुंडलिकराव आणि त्यांची मुलगी आचल बसले होते. ती विमान चालवायला शिकत होती. सकाळी ते विमान कोसळलं होतं; तिचा हात प्लास्टरमध्ये होता. तिला शिकवणारे सर आत होते.

"चौकशीवाले आले तर इंजिन बंद पडलं, इतकंच सांगजो. खोटं नाई ते."

"टाकीत पाणी होतं, बाबा."

"कोणं टाकलं?"

"कोणीच नाई. टाकी रातभर अर्धी राह्यली. थंडीत आतल्या हवेचं पाणी झालं अन् तळाशी बसलं. म्हणून उडाच्या आधी तळातलं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून पाहा लागते."

"अन् तू पाह्यलं नाई?"

"पाह्यलं. पाणी असलं का पेट्रोलाच्या खाली रेषा दिसते. रेषा नोती. मी सरांले म्हटलं, साफ आहे."

"मंग?"

"पेल्यात सगळं पाणीच होतं. रेषा कुठून दिसन? विमानाचं पेट्रोल निळसर असते, पण शेडमधे उजेड नोता. वास घेतला असता तरी समजलं असतं."

"हे कोणाले सांगितलं?"

"तुमालेच."

"मंग चूप राह्य. सरांची बायको येऊन राह्यली."

"आचल, सकाळपासून उपाशीच आहेस ना तू? हा डबा घे. आत्ता जरा शुद्धीवर आले होते हे. म्हणाले, पोरीनं नीट तपासलं होतं, माझंच काही चुकलं."

"आचल, चाल घरी."

"काकू, तुमी बसा. मले सांगाचं आहे."