मानसीच्या मम्मीचं इंग्लिश

बेव्हर्ली पार्कच्या झेरॉक्सवाल्याकडे रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारणी होत्या. मोठीच्या हातात मुलीसाठी आलेल्या स्थळाचा बायोडेटा होता.

“उंची पाच-दहा, निर्व्यसनी. पण आमची मानसी म्हणते, ‘मम्मी, पिंच ऑफ सॉल्ट.’ म्हणजे काय गं, पंचशीला?”

“म्हणजे ऐकून घ्यायचं, पण सगळं खरं धरायचं नाही. इंग्लिशमध्ये तसं म्हणतात.”

“मिठाचा काय संबंध?”

“ते सोडा ओ ताई. समोरचा फेकतोय असं वाटलं की बोलायचं.”

“मग उंचीला चालेल?”

“चालेल काय, पळेल! फोटोत बाजूला फ्रिज आहे बघा. फ्रिजच उंच आहे.”

“अगंबाई! आणि निर्व्यसनीला?”

“त्याला चिमूट पुरायची नाही. तुम्ही झेरॉक्स कशाची काढताय?”

“मानसीच्या बायोडेटाची. आज त्यांना द्यायचाय.”

“बघू. ‘स्वयंपाकाची आवड. पहाटे उठण्याची सवय.’ ताई, काल साडेदहाला तर तुम्ही तिच्या तोंडावर पाणी मारत होतात! कोणी लिहिलं हे?”

“मीच.”

पंचशीलानं त्या कागदावर चिमूटभर मीठ टाकल्यासारखी बोटं चोळली.

“पंचशीला, मुलाकडच्यांना इंग्लिश येत असेल का गं?”