खुशालराव अडत्यांची भिंत पाडल्याबद्दल पार्बताबाईचा जबाब

ठाणे अमरावती शहर. माघ वद्य पक्ष, शके १७८६.

नाव पार्बताबाई, नवऱ्याचे नाव जानराव. वय अदमासे तीस. धंदा शेती. राहणार अमरावती, कापसाच्या बाजारामागील बोळ.

ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर होऊन सांगते की, वरील बोळात आमचे घर सासऱ्यांच्या वडिलांपासून आहे. घरात मी, माझा नवरा, दीर, धाकटी जाऊ जमुना आणि सासूबाई अशी पाच माणसे. वाताने सासूबाईंचे पाय गेले होते. त्यांना उचलून बसवावे लागे.

बोळाला दोन तोंडे होती. एक बाजाराकडे, दुसरे विहिरीकडे. बाजाराच्या तोंडाशी खुशालराव अडते यांची वखार आहे. कापसाला भाव आल्यापासून त्यांना जागा पुरेना. मागल्या वर्षी त्यांनी त्या तोंडाशी बोळातच गवताचे छप्पर घालून कापूस भरला, जायला जेमतेम एका माणसाची वाट ठेवली. नंतर विहिरीकडचे तोंड मातीची भिंत घालून बंद केले. त्या बाजूने कापूस चोरीला जातो असे त्यांचे म्हणणे. मी भिंतीचे काम चालू असताना त्यांना हटकले. ते म्हणाले, "बाजाराकडून वाट आहेच ना? मंग काहून बोंबलून राहिली?"

वस्तीत गवताच्या छपराखाली कापूस ठेवू नये व कोणी रस्ता अडवू नये, अशी सरकारची दवंडी त्याआधीच फिरली होती. ती मी स्वतः ऐकली आहे.

माझ्या नवऱ्याने कचेरीत अर्ज दिला. कचेरीतले कारकून भगवंतराव दोरी घेऊन आले. त्यांनी बोळ मोजला आणि भिंतीवर गेरूची खूण केली. ते म्हणाले, "बांधकाम हुकुमाविरुद्ध आहे. छप्पर आणि भिंत दोन्ही निघतील." आम्ही त्यांना गूळपाणी दिले. पावसाळ्यात ती खूण धुऊन गेली. दिवाळीनंतर ते पुन्हा आले, पुन्हा मोजले, पुन्हा खूण केली. पाडायला मात्र कोणी आले नाही.

माझा नवरा कचेरीत खेटे घालीत राहिला. कधी साहेब चिखलदऱ्यास गेलेले असत, कधी कागद वर गेलेला असे. शेवटी भगवंतराव म्हणाले, "कापसाचा हंगाम चालू आहे, आता अडत्यांना दुखवता येत नाही. हंगाम होऊ द्या." नवरा म्हणाला, "घर आमचं, दार आमचं, आन निंघायले वाट नाही. आमी का पाखरं हावो साहेब?" त्यावर भगवंतरावांनी दुसरा कागद पुढे ओढला. तो माणूस वाईट नाही, असे माझ्या नवऱ्याचे अजूनही म्हणणे आहे.

आग लागली त्या दिवशी नवरा आणि दीर गाड्या घेऊन अकोल्यास गेले होते. बोळातली बाकीची माणसे वेचणीला वावरात होती. दुपारी मी ओसरीवर सासूबाईंचे केस विंचरीत होते. बाजाराच्या बाजूने धूर आला. मी पाहिले तो अडत्यांचे छप्पर पेटलेले होते. आग कशाने लागली हे मला ठाऊक नाही. त्या बाजूने बाहेर पडता येत नव्हते.

जमुना पोटुशी होती, दिवस भरले होते. मी तिला भिंतीकडे नेले आणि घरातली सब्बल आणून भिंत फोडू लागले. आधी मी ओरडले. मग पलीकडूनही घाव पडू लागले. आमच्या घराचे छप्पर पेट घेऊ लागले तेव्हा मी सब्बल टाकून सासूबाईंकडे गेले. त्यांना उचलू लागले तर त्यांनी माझे हात झटकले. म्हणाल्या, "पयले पोटुशीले काढ. मी बसली हावो न इथं."

मी भिंतीकडे परत आले. माणूस निघेल एवढे भगदाड पडले होते. जमुनाला पुढे ढकलले, पलीकडून कोणी तिचे हात धरून ओढून घेतले. मी वळले तेव्हा ओसरीवरचे छप्पर खाली आले होते. मी हाका मारल्या. पुढे मला कोणी ओढले ते आठवत नाही.

त्याच संध्याकाळी विहिरीजवळच्या एका घरात जमुना बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी भिंत पाडल्याची आणि त्या वाटेने लोकांनी कापूस नेल्याची फिर्याद दिली. शिपाई त्याच दिवशी आमच्याकडे आला. तेव्हा घराच्या जागेवर सुतकाची माणसे बसली होती. कापूस कोणी नेला हे मी पाहिले नाही.

भिंत कोणी पाडली असे विचारल्यावरून सांगते की, मी पाडली. पलीकडून कोणकोण होते असे विचारल्यावरून सांगते की, धूर होता, तोंडे दिसली नाहीत. आवाज ओळखलेत काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही.

आज सकाळी त्याच जागी गवंडी माती कालवीत होता. भिंत पुन्हा उभी राहिली तर मी पुन्हा पाडीन. ठाणेदार म्हणाले, "बाई, हे लिहायचं कारण नाही." मी म्हटले, "लिवा."

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. एक दुरुस्ती सांगितली ती अशी की, कारकुनाने मयताच्या नावाच्या जागी 'घरातील एक म्हातारी' असे लिहिले होते, ते खोडून नाव घालावे. त्याप्रमाणे खोडले. मयताचे नाव माणिकबाई.

सहीऐवजी निशाणी बांगडी, पार्बताबाईच्या हातची.