बिनपंखांची परी

गोदावरीबाई गेल्याचं एकोडीत कळलं त्या दिवशी सगळे तिच्या नवऱ्याच्या, गोमाजींच्या अंगणात जमले. जास्वंदीखाली आणि कुंड्यांमधून तिनं जुन्या बाहुल्यांच्या केलेल्या पऱ्या उभ्या होत्या. महिन्यानं गोमाजी साकोलीच्या बसस्टँडवर बसले होते. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. त्या गोमाजींना ओळखत नव्हत्या.

"वहिनी, डिंपलची बाहुली आणली का एकोडीहून?"

"कशी आणू वं? परी करून द्या म्हणून गोदावरीबाईपाशी ठेवली, अन् बाईच गेली."

"मंग बुढ्याले मांग ना."

"बायको गेलेल्या माणसाले बाहुली मांगू?"

"पोरगी काय म्हणते?"

"रोज विचारते, पंख फुटले का? मी म्हणतो, फुटून राहिले."

"तूच लाव. कोशाच्या रेशमी कापडाचा तुकडाच तर लागते."

"नुसता तुकडा लोंबते. बाई तो भाताच्या पेजेत बुडवून वाळवे, मंग पंख ताठ उभा राहे."

"मंग बुढाच करन."

"तो? एकटा माणूस कुकरात भात लावत असन. पेज कुठून निघन? शिट्टीतून?"

दोघी हसल्या. गोमाजी मागं वळले.

"बाई, पेज घट्ट लागते का पातळ?"

हसू थांबलं. वहिनीनं पदर सावरला.

"घट्ट, बाबाजी. बोटाले चिकटली पाहिजे."

"हाव."

एकोडीची बस लागली, तसे गोमाजी उठले. घरी फळीवर एकच बाहुली उरली होती. तिला पंख लावायचे अजून राहिले होते.