चार-चार असताना

कोचाबांबात रविवारी सकाळी गरम साल्तेन्या, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, घ्यायला निल्दा रांगेत उभी होती. पुढचं म्हातारं जोडपं त्रेसष्ट सालच्या फुटबॉल सामन्यावरून भांडत होतं. त्या दिवशी याच गावात ब्राझीलला हरवून बोलिव्हियाने दक्षिण अमेरिकेचा कप जिंकला होता.

“इकडे मी कळा देतेय, अन् तुम्ही तिकडे पाचवा गोल बघताय!”

“कासिल्दा, पाचवा गोल मी पाहिलाच नाही.”

“काय?”

“चार-चार झाले आणि मला राहवेना. तुझ्यासाठी उठलो.”

“मग अंधार पडल्यावर कसे उगवलात?”

“रस्त्यावर येतो तोच मागे गर्जना झाली. लोकांनी मला खांद्यावरच घेतलं. मी ओरडतोय, ‘सोडा, मी बाप होतोय!’ तर म्हणतात, ‘आज सगळेच ब्राझीलचे बाप झालोय!’ नाचवत नेलं चौकात.”

“मग इतकी वर्षं माझी बोलणी का खाल्लीत?”

“चार-चार असताना उठलो, हे कळल्यावर मित्रांनी जगू दिलं असतं?”

कासिल्दा हसत रांगेकडे वळली. “ऐका हो सगळे! हा माणूस चार-चार असताना माझ्यासाठी उठून आला!”

“हळू गं बाई, लोक ऐकतायत!”

पहिली शिट्टी निल्दाने मारली.