आमच्या दोघींच्या मधली रेष

रामदासभाऊ, शांताबाई, विहारात जमलेली सावली गावची सगळी माणसं, आणि अहेरीकडून गाड्या बदलत इथवर आलेल्या शाळेच्या पोरींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. सुनंदाचं नाव घेतलं की मला तिची पाठ दिसते. माझ्या पुढे धावणारी पाठ. पण सुनंदाच्या आई, शांताबाई म्हणाल्या, "पुष्पा, तूच बोल. तुले सगळं मालूम आहे."

बाई, मला सगळं मालूम नाही. तेच सांगायला उभी राहिली आहे.

मी नागभीडची. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझं नाव ऐकलं असेल, तोंड आज पाहत असाल. विभागाच्या स्पर्धेत सुनंदाला बाद केलं आणि तिच्या जागी जिला पहिला नंबर दिला, ती मी.

तेव्हा आम्ही दोघी शाळेच्या शेवटच्या वर्षात होतो. चंद्रपूरच्या मैदानावर मुलींची चारशे मीटरची शर्यत होती. जी पहिली येईल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. आमच्याकडच्या पोरीला राज्याला जाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगू? खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागायची आशा. बाहेरचं जग. लग्नाची बोलणी दोन-चार वर्षं तरी मागे.

मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. प्रत्येकीची पट्टी वेगळी. मला तिसरी पट्टी होती, सुनंदाला चौथी. चारशेच्या शर्यतीत बाहेरच्या पट्टीतली पोरगी पुढून सुटते, वळणाचा हिशोब सारखा व्हावा म्हणून. म्हणून ती माझ्या पुढे होती. आणि तिच्या पट्टीची आतली रेष तीच माझ्या पट्टीची बाहेरची रेष. आमच्या दोघींच्या मधे एकच रेष होती.

नियम साधा आहे. वळणावर आतल्या रेषेवर पाय पडला की बाद. रेषेवर पाय पडला म्हणजे अंतर चोरलं.

सुनंदा अनवाणी धावत होती. मीही. पहिल्या वळणावर मला वाटलं, हिला गाठीन. समोरच्या सरळ पट्टीत समजलं, हिला गाठणं माझ्या बापाच्यानं होणार नाही. दुसऱ्या वळणावर ती डावीकडे झुकली. तिची वेणी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. हे मला स्पष्ट आठवते. वेणी आठवते. ती माझ्या कितीतरी पुढे, सगळ्यांच्या पुढे, एकटी पोचली. तिचे भोयर सर टोपी फेकून नाचले.

आणि मग माईकवर तिच्या नंबराच्या पुढे 'बाद' म्हणाले. वळणावरच्या पंचानं झेंडा वर केला होता.

भोयर सरांनी तिथल्या तिथं हरकत घेतली. अपील केलं. ते ओरडत होते, "चला, वळणावर जाऊन चुना पाहा! पाय पडला असेल तर चुना फाकला असेल. चला न!" पण तोवर पोरांची शर्यत सुटली होती. आठ पोरं त्याच वळणावरून गेली. चुना सगळीकडेच फाकला. मग पाहणार काय?

मैदानाच्या कडेला एक खोली होती. आत टेबलाच्या मागे अपील समितीचे लोक. बाहेर बाकावर आम्ही दोघी. तोवर आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. सुनंदा आपल्या पायाकडे पाहत होती. तळव्याला चुना होता. माझ्याही होता. सगळ्यांच्याच होता. सुटायची रेष पण चुन्याचीच होती.

मला आत बोलावलं. मी म्हटलं, "तिचा पाय रेषेवर नाही पडला."

एक साहेब हसले. म्हणाले, "पोरी, ती बाद झाली तर तू पहिली आहेस. समजते का?"

मी म्हटलं, "समजते. नाही पडला."

मग तिला बोलावलं. दार उघडंच होतं. भोयर सर तिच्या मागे उभे राहून हळू म्हणत होते, "नाई म्हण. नाई म्हण, पोरी." साहेबांनी विचारलं, "तुझा पाय पडला का रेषेवर?"

सुनंदा थांबली. मग म्हणाली, "मले माहीत नाई."

साहेब म्हणाले, "माहीत नाही म्हणजे?"

"मी समोर पाहून धावून राह्यली होती, साहेब. पायाकडे नाई पाहिलं."

संपलं. पंच म्हणतो पडला, खेळाडू म्हणते माहीत नाही. अपील फेटाळलं.

भोयर सर सावलीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत म्हणतात. गाव बोललं. एक 'नाई' म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? रामदासभाऊ, तुम्ही तिला काय म्हणाले होते ते ती मला नेहमी सांगायची. तुम्ही म्हणाले होते, "मालूम नाई त मालूम नाई. जेवून घे." एवढंच. ती म्हणायची, बाबांनी मला त्या दिवशी उभं ठेवलं.

कोणी म्हणालं, आडनाव पाहून झेंडा वर केला. खरं असेल. आपल्या लोकांना झेंडे दाखवणारे कमी नाहीत, असं इथल्या एका भाऊनं मघाशी मला सांगितलं, आणि मी परक्या घरची पोरगी, मी त्यांना चूक म्हणू शकत नाही. मी सुनंदाला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "असू शकते. पण मंग मले आधी हे मालूम पाहिजे, का पाय पडला होता का नाई."

मी राज्याला गेली. तिथं मला कोणी विचारलं नाही, मी शेवटून दुसरी आली. पण राज्याला खेळल्याचा कागद झाला, आणि त्या कागदावर मला सरकारी नोकरी लागली. माझी पहिली नेमणूक झाली अहेरीला. तोवर सुनंदा व्यायामाच्या शिक्षणाचा कोर्स करून अहेरीच्या पुढच्या एका आश्रमशाळेत लागली होती. आठवडी बाजारात ती मला दिसली. हातात भाजीची पिशवी. मला वाटलं, तोंड फिरवेल. ती सरळ समोर आली आणि म्हणाली, "तू पुष्पा न? एक सांग. तू पाहिलं होतं, का तुले वाटलं होतं?"

नमस्कार नाही, कशी आहेस नाही. पहिलं वाक्य ते.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती माझ्या खोलीवर यायची. आम्ही भात टाकायचो, वांग्याची भाजी करायचो, पोरींच्या गोष्टी करायचो. ती फार हसायची. गोंडी शिकली होती, मला शिकवायची आणि माझ्या उच्चारांना हसायची. आणि मग भांडी घासता घासता हात थांबायचा. "पुष्पा, तू पाहिलं होतं?"

मी म्हणायची, "नाही पडला ग."

"तसं नाई. तू पाहिलं होतं?"

आता मी तुम्हाला सांगते, जे तिला दर वेळी सांगितलं. मला तिचा पाय रेषेवर पडताना दिसला नाही. पण दिसला नाही आणि पडला नाही, ह्या दोन गोष्टी एक आहेत का? मी दमली होती. डोळ्यात घाम होता. मला वेणी दिसली. पाय दिसले का? मी त्या खोलीत जे बोलली ते मनापासून बोलली. आजही तेच बोलीन.

ती म्हणायची, "मले स्वप्न पडते. वळण दिसते. लोक दिसतात. झेंडा दिसते. झाडाखाली बसलेला चहावाला पण दिसते. मी खाली पाहाले जातो, तं मले पायच नसते."

आपण काय करणार अशा माणसाचं? चोरी झाली तर माणूस चोराला शिव्या देते. हिचं काय चोरलं गेलं, हेच हिला कोणी सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात अहेरीला आश्रमशाळांच्या स्पर्धा झाल्या. सुनंदाला वळणावर पंच म्हणून उभं केलं. मी सुट्टी काढून पाहायला गेली होती. मुलींच्या चारशेमध्ये तिच्याच शाळेची सोमी होती. सोमी, तू समोरच बसली आहेस. रडू नको, मला सांगू दे. सोमी हरणासारखी धावली. सगळ्यांच्या पुढे. आणि वळणावर सुनंदानं झेंडा वर केला.

तिच्याच शाळेची पोरगी. तिनंच शिकवलेली. शाळेचे मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले.

पण मंडळी, झेंडा वर करून ती थांबली नाही. ती पट्टीवर आली, दोन्ही हात पसरले आणि त्या जागेवर उभी राहिली. पुढची शर्यत सुटायची होती. माईकवरून ओरडत होते, "मॅडम, ट्रॅक मोकळा करा." ती हलली नाही. "आधी इथी या," म्हणाली. "सगळे या. अपीलवाले या. सोमीले आणा." पोरं सुटायच्या रेषेवर ताटकळत होती. पाहुणे घड्याळ पाहत होते. एक जण मला म्हणाला, "ही बाई येडी आहे का?"

आले शेवटी. चालत चालत आले. सुनंदानं सोमीचा हात धरला आणि खाली दाखवलं. चुन्याच्या रेषेवर अनवाणी पायाचा ठसा होता. अंगठा, बोटं, सगळं. ती म्हणाली, "सोमी, पाय ठेव."

सोमीनं ठेवला. बरोबर बसला.

पोरगी ढसाढसा रडली. पण तिनं 'हो' म्हणून मान हलवली. अपील झालंच नाही. मुख्याध्यापक चिडून म्हणाले, "मॅडम, आपलीच पोरगी बाद करता?" सुनंदा म्हणाली, "बाद त ती झालीच होती, सर. आता तिले माहीत झालं."

सोमी तिच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मग एका सकाळी आपण होऊन मैदानावर आली. बरोबर न, सोमी?

मला वाटलं, आता सुनंदाचं ओझं उतरलं असेल. त्या दिवशी परत जाताना मी तिला विचारलं, "आता बरं वाटून राह्यलं का?" चालता चालता ती म्हणाली, "तिचं झालं. माझं नाई."

ह्या पावसाळ्यात तिला ताप आला. आपल्याकडचा मलेरियाचा ताप तुम्हाला माहीत आहे. तिनं आधी पोरींना गोळ्या खाऊ घातल्या, आपला ताप अंगावर काढला. नाला भरला होता. पाणी उतरल्यावर गावच्या लोकांनी खाटेवर टाकून तिला सडकेपर्यंत आणलं. अहेरीच्या दवाखान्यात मी पोचली तेव्हा दुपार होती, आणि ताप डोक्यात गेला होता. ती मला ओळखत नव्हती. पांघरुणाखाली पाय हलत होते. मी तिच्या पायांवर हात ठेवला, तरी हलत होते.

मग तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. म्हणाली, "पुष्पा, बोलावलं का आपल्याले?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, "कुठी?"

"आत. निकाल आला का?"

ती बाकावर बसली होती, मंडळी. इतकी वर्षं. शाळा झाली, नोकरी झाली, पोरी घडवल्या, आणि ती त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होती. माझ्या शेजारी.

मी म्हटलं, "आला. अपील मंजूर झालं. तू पहिली आली, सुनंदा."

मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं. विचारलं, "ते लाईन पाहून आले का?"

काय सांगायचं होतं मी? तिला उभ्या जन्मात कोणाचं खोटं चाललं नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हटलं, "हो. सगळे चालत गेले. खाली वाकून पाहून आले."

तिची पकड सैल झाली नाही. तिनं विचारलं, "तू पण गेली होती?"

मी म्हटलं, "हो."

"तू पाहिलं?"

मंडळी, मी नुसती तिचा हात धरून बसली. ती माझ्या उत्तराची वाट पाहत राहिली. ती वाट पाहत असतानाच तिचे डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

शांताबाई, तुम्ही म्हणाल्या मला सगळं मालूम आहे. मला एवढंच मालूम आहे. मी आता सरकारी कचेरीत बसते, कागदांवर सही करते, आणि मधेच कोणीतरी माझं मनगट धरलेलं असते.

आता आपण उभे राहू. कोणी घड्याळ पाहू नका. पोरींनो, तुम्ही पण. डोळे मिटायचे असतील तर मिटा, नाही तर तिच्या फोटोकडे पाहा. मी बसली की सगळ्यांनी बसा.

सुनंदा, जय भीम.