दिवाणाचा उजवा पाय

(तुळजापुरातलं घर, सकाळ. बैठकीत लाकडी दिवाण, त्याला लागूनच देवघर. दिवाणाखाली म्हातारा कुत्रा, भुंग्या. दारात टेम्पो उभा आहे. सासू सत्यभामा, सून हर्षाली आणि भुंग्याला न्यायला जळकोटहून आलेला मेंढपाळ ईरण्णा.)

सत्यभामा : दोरी नगं लावू रं ईरण्णा. त्येनं जल्मात गळ्यात दोरी घेतली न्हाय.

ईरण्णा : वैनी, दोरीबिगर टेम्पोत बसंल का त्यो? नळदुर्गाच्या अलीकडंच उडी टाकंल.

हर्षाली : काका, आधी चहा घ्या.

ईरण्णा : घेतो की. पण सूनबाई, खरं सांग. निस्तं मुततोय म्हणून घालवायलाय व्हय त्येला? कुत्रं हाय ते.

हर्षाली : बाहेर मुतला तर मी कशाला काही बोलू? दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या लघव्या तपासते, घरी आले की परत तोच वास. रोज तीच जागा, दिवाणाचा उजवा पाय. दोनदा गादी बदलली. लिंबू पिळलं, व्हिनेगर लावलं, तिखट टाकलं, डांबरगोळ्या ठेवल्या.

सत्यभामा : लाल पान्याच्या बाटल्या बी ठिवल्या.

ईरण्णा : मग?

सत्यभामा : बाटलीवर बी मुतला.

ईरण्णा : आता काय म्हणावं!

हर्षाली : हसा काका, मीही हसत होते. पण सृष्टी आता रांगते. त्याच पायाला धरून उभी राहते आणि तेच हात तोंडात घालते.

ईरण्णा : डॉक्टरला दावलं?

हर्षाली : जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्याची लघवी मी स्वतः तपासली. काही निघालं नाही.

ईरण्णा : पयल्यापासनंच करतोय?

सत्यभामा : न्हाय रं. ह्यांचं सुतक फिटलं तवापासनं. त्येच्या आधी कधी घरात केलं न्हाय. मालक गेल्याचं दुक हाय त्येला. बोलता येत न्हाय, मग काय करंल?

हर्षाली : मीही तेच वाचलं होतं, मालक गेला की जनावरं असं करतात. म्हणून इतके महिने थांबले. आता रणधीरही म्हणतात, बास झालं.

ईरण्णा : दगडूदादाचं कुत्रं हाय म्हणून न्यायलोय. पण आदीच सांगतो, मेंढरं आता आळंदकडं निघणार. म्हाताऱ्याला तेवढं चालणं झालं तर बरं.

हर्षाली : आणि नाही झालं तर?

ईरण्णा : कळपाला थांबता येत न्हाय, पोरी.

सत्यभामा : चहा घे, गार व्हायलाय. ही त्येची भाकर. दुधात कुस्करून दे, दात न्हाईत त्येला. ही गोधडी. अन् ही बाटली ठिव जवळ.

ईरण्णा : कशाची?

सत्यभामा : गोमूत्र हाय, शिवप्पाच्या गाईचं. तुज्या मेंढवाड्यावर देवापाशी त्येनं काय केलं तर शिंपड. म्या रोज शिंपडते.

हर्षाली : रोज? कुठं?

सत्यभामा : कुटं म्हंजी, त्या पायालाच. तू फिनेल मारून ड्युटीला गेली की शिंपडते. फिनेलनं घाण जाती, विटाळ जातो व्हय? शेजारी देवी हाय, तिची जोगव्याची परडी हाय.

हर्षाली : मला तर वाटायचं, सगळा वास त्याचाच आहे.

सत्यभामा : मग? आणखी कुणाचा?

हर्षाली : आत्या, पहिल्यांदा कधी शिंपडलं होतं?

सत्यभामा : सुतक फिटलं तवा. साऱ्या घरात शिंपडतेत की. दिवाणाला जरा जास्तच शिंपडलं. ह्यांनी जीव तितंच सोडला.

हर्षाली : आणि हा पहिल्यांदा मुतला कधी?

सत्यभामा : त्याच दिशी. पंगती उठल्यावर.

हर्षाली : म्हणजे आधी गोमूत्र, मग तो.

सत्यभामा : व्हय. का गं?

ईरण्णा : अगं बाबो.

सत्यभामा : काय झालं? दोघं बी माज्याकडं काय बघायलात?

हर्षाली : आत्या, तुम्ही बसा जरा. त्याला वास कळतो, गोमूत्र नाही कळत. मामांच्या जागेवर रोज कुठलं तरी दुसरं जनावर येऊन करून जातं, असं वाटत असणार त्याला. म्हणून तो वरून आपलं करतो. जागा राखतोय तो.

सत्यभामा : म्हंजी म्याच?

हर्षाली : तसं नाही म्हणत मी.

सत्यभामा : मग कसं म्हणतीस? तुला वास येऊ ने, देवीला विटाळ व्हऊ ने, त्येला कुणी घालवू ने, म्हणून शिंपडत व्हते गं मी. गुडघे दुखतेत तरी वाकून शिंपडत व्हते.

हर्षाली : मला माहीत आहे, आत्या. मीच आधी विचारायला पाहिजे होतं.

ईरण्णा : मग झालं की! शिंपडायचं बंद करा. दोरी ठिवतो टेम्पोत अन् चाललो मी.

हर्षाली : लाकडात मुरलंय काका. पायाला ही एवढी भेग आहे. आपण कितीही धुतलं, तरी त्याच्या नाकाला वास येणारच. तो करणार, मी पुसणार, सृष्टी परत तिथंच जाऊन उभी राहणार.

सत्यभामा : मग दिवाण ने, ईरण्णा.

हर्षाली : आत्या, मामांचा दिवाण आहे तो.

सत्यभामा : कसला मामांचा? अंगावर दुखणं आलं तवा झोपाया लागले त्येच्यावर. जल्म सारा शिवारात काढला त्यांनी. थंडीचं त्यांच्या पाठीला ह्या भुंग्याचीच पाठ असायची. ने तू दिवाण.

ईरण्णा : अन् मी काय करू त्येचं? मेंढरं बसवू त्येच्यावर?

सत्यभामा : गिरिजाबाईला दे तुज्या. बसंल की ती बी कधी.

ईरण्णा : बसंल. बसल्याबसल्या मलाच कामं सांगंल. बरं, उचला मग. सूनबाई, तू त्या अंगानं धर. वैनी, तुमी सरका.

सत्यभामा : भुंग्या, ऊठ बाबा. सर जरा. ऊठ की, चेंगरशील!

हर्षाली : उठला. सावकाश काका, उंबरा आहे.

ईरण्णा : उंबरा दिसतोय मला, कुत्रं दिसंना. पायात पायात यायलंय.

हर्षाली : भुंग्या, मागं हो!

ईरण्णा : चढवा. आणखी जरा. झालं. दिवाण बसला बगा बरोबर.

सत्यभामा : भुंग्या कुटं गेला? त्यो पायरी न्हाय चढत, मला उचलून घ्यावं लागतंय त्येला.

हर्षाली : आत्या.

सत्यभामा : काय?

हर्षाली : तो टेम्पोत आहे.

सत्यभामा : टेम्पोत? कुणी चढवला?

हर्षाली : कुणीच नाही. स्वतःच चढला. दिवाणाखाली जाऊन बसलाय.

सत्यभामा : भुंग्या! ये, ये बाबा. भाकर दाव गं त्येला.

हर्षाली : दाखवली. बघतसुद्धा नाही.

ईरण्णा : दोरी लावून वढू का?

सत्यभामा : नगं. वढू नगं.

हर्षाली : दिवाण उतरवू काका. परत आत ठेवू.

सत्यभामा : अन् सृष्टी?

हर्षाली : कोपऱ्यात ठेवू. काहीतरी करू.

सत्यभामा : समदं केलंच की आपण, पोरी.

ईरण्णा : वैनी, दिवाण तर गिरिजा घरात ठिवून घील. ह्येला ठिवून घील का, ते मला सांगता यायचं न्हाय.

हर्षाली : ठेवून घ्यायला सांगा, काका. आणि दिवाणाला गोमूत्र तेवढं शिंपडू देऊ नका.

ईरण्णा : सांगतो. पर तिचं बी देवघर बैठकीतच हाय.

हर्षाली : आत्या, काहीतरी बोला ना.

सत्यभामा : बग की कसा बसलाय. ह्ये झोपायचे तवा बी असाच बसायचा, तोंड भाईर करून.

ईरण्णा : मग काय करू वैनी? गाडी चालू करू?

सत्यभामा : थांब जरा. त्येचं पान्याचं भांडं आतच राहिलंय.